सोमवारची पंचवीस मिनिटं

माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. परवा जेवताना सांगत होती की, हल्ली एका मोठ्या मशीनच्या पोटात चार-पाच खोटी मशीनं चालवतात. आतल्या प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, आपलं घड्याळ आपलं आहे. खरं म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके बाहेरचं मशीन देतं. बाहेरच्याला काम जास्त झालं की ठोके कमी पडतात, आतलं घड्याळ मागं राहतं, आणि आतल्याला त्याचा पत्ताच नसतो. मी म्हटलं, हे मला काय शिकवतेस, मी हे भीमेच्या काठावर बघितलंय, तुझा जन्म व्हायच्या आधी. ती हसली. मग म्हणाली, "आणि बाबा, मागं पडलेलं घड्याळ सरळ करायचं काम एकाकडंच ठेवावं लागतं. दोघांनी परस्पर केलं की भलतंच होऊन बसतं." मी ताटावरून उठलो. ती विचारायला लागली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, तिखट लागलं. भाजी दुधीची होती.

आता डोकं फिरलंच आहे तर लिहूनच टाकतो. गोड लागणार नाही कुणाला. लागू नये.

मी मूळचा शिरूरचा. वडील लवकर गेले. आईनं वाढवलं असं म्हणायची पद्धत आहे, पण मला वाढवलं मामानं. आईचा धाकटा भाऊ. राहायला वडगाव रासाईला, नदीच्या काठी, आमच्या बौद्ध वस्तीत. स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. मला वायरमनचा कोर्स करायला लावला, आणि कोर्स झाल्यावर नदीपलीकडं, दौंडच्या बाजूला जो साखर कारखाना होता तिथल्या साहेबांच्या मागं लागून लागून मला पॉवरहाउसमध्ये चिकटवला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो आता भंगारात गेला, बरं झालं.

मामा त्याच कारखान्यात अकरा सीझन बॉयलरपुढं बगॅस ओढत होता. बगॅस म्हणजे उसाचा चोथा. तोच जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, आणि टर्बाइनवर सगळ्या कारखान्याची आणि कॉलनीची वीज. मामा फावड्यानं ओढायचा, आणि मी वरती खुर्चीवर बसून काटे बघायचो. त्या खुर्चीचं मामाला भारी कौतुक. वस्तीत कुणी भेटलं की सांगायचा, "आमचा भाचा खुर्चीवर बसून लाईट करतो." माझं प्रोबेशनचं वर्ष चालू होतं. हात पोळला तरी तोंडातून शब्द काढायचा नाही, असले ते दिवस.

मामा सीझनल होता. ऊस संपला की घरी, ऊस आला की पुन्हा फावडं. त्या वर्षी बॉयलरवरची एक जागा परमनंट व्हायची होती आणि यादीत मामाचं नाव पहिलं होतं. वयाची अट होती. पुढच्या वर्षी तो अटीबाहेर जाणार होता. म्हणजे या सीझनला झालं तर झालं, नाहीतर जन्मभर सीझनल. आडवी येईल अशी एकच गोष्ट होती. कार्डावर तीन लाल शिक्के, म्हणजे तीनदा उशीर, की नाव यादीतून खाली. अकरा सीझनमध्ये मामाच्या कार्डावर लाल शिक्का कधी पडला नव्हता.

त्या सीझनला दोन पडले.

दोन्ही सोमवारी. दोन्ही दुपारच्या बाराच्या पाळीला. आमच्या पाळ्या आठवड्यानं बदलायच्या, पहाटे चार, दुपारी बारा, रात्री आठ, त्यामुळं सोमवारी दुपारची पाळी दर तिसऱ्या आठवड्याला यायची. पहिल्यांदा कार्डावर बारा वाजून बारा मिनिटं उमटली. तीन आठवड्यांनी बारा वाजून चौदा. मामाला कळेचना. तो म्हणायचा, "आरं मी घरनं टायमाला निघतो. न्हाई म्हंजी न्हाई, येक मिनिट इकडं न्हाई का तिकडं न्हाई. मग रस्त्यात काय हुतं?" नदी होडीनं ओलांडायची असायची, म्हणून त्यानं होडीवाल्यावर संशय घेतला. बिचारा होडीवाला.

हा शिक्का मारणारा जो टाइमकीपर होता त्याच्याबद्दल मला चांगलं एक अक्षर लिहिता येणार नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. टाइम ऑफिसमध्ये भिंतीवर विजेवरचं मोठं घड्याळ, खाली कार्ड दाबायचं मशीन, दोन्ही एकाच वायरीवर. त्या घड्याळावरच पाळ्यांचा भोंगा वाजायचा. कपाटावर एक रेडिओ, त्याच्यावर विणलेला रुमाल. त्याचा थाट असा की सूर्यानंसुद्धा याला विचारून उगवावं. दुसरा शिक्का पडला त्या दिवशी तो मामाला म्हणाला, "तुमच्या वस्तीत रविवारी जरा जास्तच होतं वाटतं." मामा माळकऱ्यासारखा माणूस, आयुष्यात थेंब घेतला नाही. तो मान खाली घालून आत गेला. मी मागंच उभा होतो. तळपायाची आग मस्तकात गेली, पण प्रोबेशन. प्रोबेशन या शब्दाला मी आजही शिव्या देतो.

मामाच्या घरी गजराचं एक जुनं घड्याळ होतं. मला वाटलं तेच खोटं चालतं. सुट्टीच्या दिवशी मी ते पिशवीत घालून दौंडला नेलं. दौंडला स्टेशनरोडवर एक म्हातारे घड्याळजी होते. सगळी रेल्वे कॉलनी त्यांना चाचा म्हणायची. कारण साधं होतं, त्यांच्याकडची वेळ पक्की. रोज दुपारी चार वाजता रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांना वरून टाइम मिळायचा, त्या वेळी चाचा दुकान उघडं टाकून स्टेशनवर जायचे आणि आपलं घड्याळ मिळवून यायचे. आयुष्यभर. त्यांनी मामाचं घड्याळ आठ दिवस ठेवून घेतलं. मी परत गेलो तेव्हा घड्याळ पुसूनबिसून तयार होतं.

"घड्याळाला कायबी झालेलं न्हाई," चाचा म्हणाले. "आठ दिवसांत अर्धं मिनिट. ह्याच्यापेक्षा चांगलं मीबी देनार न्हाई. मामा ह्ये मिळवतात कशाला?"

"भोंग्याला."

"आन् भोंगा?"

"ऑफिसातल्या घड्याळाला."

"त्ये किल्लीचं का लाईटचं?"

"लाईटचं."

चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "मग त्ये घड्याळच न्हाई, बाळा. त्याच्या पोटात वेळ नसती. लाईट जेवढे झटके देते तेवढे त्ये मोजतं, बास. सेकंदाला पन्नास आले की म्हनतं एक सेकंद झाला. कमी आले तर पन्नास पुरे हुईस्तवर थांबतं. तुमच्या हितं लाईट कोन देतं?"

मी म्हटलं, "मी."

चाचांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. इतके दिवस त्या खुर्चीवर बसून माझ्यासमोर एक काटा होता, सेकंदाला किती झटके ते दाखवणारा. पन्नासच्या जागी तो रोज संध्याकाळी साडेएकोणपन्नासवर असायचा. त्या सीझनपासून तसा हुकूमच होता. बोर्डाशेजारी लाल शाईत लावलेला: संध्याकाळी सहा ते बारा काटा साडेएकोणपन्नासवर ठेवावा, चीफ इंजिनियरच्या लेखी परवानगीशिवाय गव्हर्नरला हात लावू नये. गव्हर्नर म्हणजे टर्बाइनचा वेग कमीजास्त करायचं चाक. संध्याकाळी कॉलनीचे दिवे आणि पंप सुरू झाले की वाफ कमी पडायची, आणि वेग जरा उतरवला की बगॅस वाचायचा. बगॅस वाचला की चीफसाहेबांची वर वाहवा. मी रोज तो काटा रजिस्टरात लिहायचो आणि खाली सही ठोकायचो. अक्कल गहाण ठेवून.

दौंड स्टेशनच्या बाकावर बसून मी पेन्सिलीनं हिशेब केला. अर्धा कमी म्हणजे शंभरातला एक. तासाला छत्तीस सेकंद. सहा तासांत साडेतीन मिनिटांवर थोडं. आठवड्याला पंचवीस मिनिटं. कारखान्यातली सगळी विजेची घड्याळं एकदम, एकमेकांशी इमान राखून, आठवड्याला पंचवीस मिनिटं मागं जात होती. आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता टाइमकीपर रेडिओ लावून घड्याळ पुढं करायचा, हे मला ठाऊक होतं. तो सगळ्यांसमोर मिरवत करायचा. म्हणजे मामा घरी जाऊन रविवारी रात्री आठचा भोंगा ऐकून आपलं घड्याळ मिळवणार, तेव्हा खरे आठ वाजून वीस मिनिटांच्या पुढं गेलेले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचं घड्याळ उडी मारणार. मधे भोंगा नाही; सोमवारी काटे फिरवताना काढलेली भोंग्याची वायर तो बाराची पाळी बदलल्यावरच जोडायचा. मामा बिचारा कालच्या वेळेनं निघणार आणि आजच्या वेळेनं उशिरा ठरणार.

गेटजवळ राहणाऱ्यांना खिडकीतून ऑफिसचं घड्याळ दिसायचं. नदीपलीकडच्यांना फक्त भोंगा. आमच्या पाळीत पलीकडून येणारे चौघं, त्यातले तिघं नवे. त्यांना परमनंटची आशाच नव्हती, शिक्का पडला काय न पडला काय. मार खाणारा मामा एकटाच होता.

मी आधी सरळ मार्गानं गेलो, हे लिहून ठेवतो. टाइमकीपरला सगळं समजावून सांगितलं, अगदी कागदावर. त्यानं कागद हातातही घेतला नाही.

"मागं पडतं हे मला माहीत नाही का? म्हणून तर दर सोमवारी मी सरळ करतो."

"पण साहेब, तुम्ही सरळ करता त्याच दिवशी बाराला येणारे..."

"त्यांनी आपापली घड्याळं ठेवावीत."

"ठेवतात. तुमच्या भोंग्याला मिळवतात."

"मग भोंग्याला मिळवू नयेत," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. असा माणूस. भोंगा गावाला ऐकवायचा आणि गावानं ऐकलं की गावाचीच चूक.

चीफसाहेबांकडं गेलो तर त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "काटा खाली ठेवायचा हुकूम माझा आहे. तुला घड्याळं दुरुस्त करायला ठेवलंय की टर्बाइन बघायला?"

ठीक आहे, म्हटलं. नाकानं कांदे सोला तुम्ही.

मामाची पुढची दुपारची पाळी यायच्या आधीचा आठवडा आमची पहाटेची पाळी होती, चार ते बारा. सकाळी सहा ते नऊ चीफसाहेब राउंडला नसायचे. त्या तीन तासांत कॉलनीचे दिवे बंद, वाफ भरपूर. मी हिशेब मांडला. संध्याकाळचे लोक सहा तास अर्धा कमी चालवतात, तर मी सकाळी तीन तास एक जास्त चालवायचा. पन्नासच्या जागी एक्कावन्न. जेवढं गेलं तेवढंच परत. घड्याळाला हात लावायचा नाही, किल्ली लागत नाही, कुणाला दिसत नाही. मी गव्हर्नरचं चाक पाव फेरा फिरवलं आणि काटा एक्कावन्नवर गेला. सारखा दाराकडं बघत होतो, खोटं कशाला बोलू. पण मजाही येत होती. रजिस्टरात मी पन्नास लिहिलं.

सात दिवस तेच. चाचांनी स्टेशनच्या चारला मिळवून दिलेलं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. रोज सकाळी नऊला मी टाइम ऑफिसच्या खिडकीवरून जायचो आणि आतल्या घड्याळाशी ताडून बघायचो. सोमवार, मंगळवार, बुधवार. दोन्ही बरोबर. रविवारी बाराचा भोंगा वाजला तेव्हा माझ्या घड्याळात बाराच होते. त्या सीझनला रविवारी भोंगा वेळेवर वाजल्याची ती पहिलीच वेळ असेल.

मी टाइमकीपरला सांगायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं की, उद्या घड्याळ पुढं करू नका, ते बरोबर आहे. सांगितलं नाही. एक तर चाकाला हात लावल्याचं कबूल करावं लागलं असतं. पण खरं कारण ते नाही. खरं कारण असं की, मला त्याचं तोंड बघायचं होतं. सोमवारी नऊला तो सगळ्यांसमोर रुमाल बाजूला करून रेडिओ लावणार, पिप्‌ पिप्‌ होणार, आणि त्याला करायला काही उरणार नाही, हे मनात चघळत मी आठ दिवस काढले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि फार शहाणा होतो.

त्या रविवारी पाळी सुटल्यावर मी मामाबरोबर नदीपर्यंत चालत गेलो. होडी पलीकडं होती, आम्ही काठावर उभे होतो.

मामा म्हणाला, "उद्या म्या धाच्या आतच निघतो. अकरालाच येऊन बसतो गेटाफुडं. काय व्हायचं ते हू दे, तासभर बसंन."

हे मामाचं बोलणं मी रोज ऐकतो. गाडीत, दवाखान्यात, कुठंही. अकरालाच येऊन बसतो.

मी म्हटलं, "काय गरज न्हाई मामा. आजचा भोंगा बरोबर हाय. रात्री आठच्या भोंग्याला घड्याळ लावा आन् रोजच्यासारखे या."

"तू बघितलंस?"

"मीच केलंय."

मग मी त्याला सगळं सांगितलं. चाक, काटा, एक्कावन्न, टाइमकीपरची कशी जिरणार ते. मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हनूनच सकाळी आठवडाभर बॉयलर जास्ती खात व्हता. म्या म्हनतो हात का भरून येत्यात." आणि हसला. त्या तीन तासांचा जास्तीचा बगॅस मामानंच ओढला होता, हे माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं.

"पण हुकूम मोडलास की रं," तो म्हणाला.

"कुनाला कळतंय? माझ्यावर भरवसा ठेवा."

"तुझ्यावर न्हाई तर कुनावर," मामा म्हणाला आणि होडीत चढला.

सोमवारी नऊलाच जायचं ठरवलं होतं, पण आठवडाभर पहाटे उठल्यानं जागच आली नाही; मी पावणेबाराला गेटावर आलो. माझ्या घड्याळात पावणेबारा. खिडकीतून आत बघितलं तर भिंतीवर बारा वाजून दहा मिनिटं.

आधी मला वाटलं माझंच बंद पडलं. कानाला लावलं. चालत होतं. मी नदीच्या रस्त्याकडं बघितलं. मामा येत होता. सावकाश. मजेत. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस कामावर येताना घाई करत नव्हता. बाभळीखाली थांबला, बरोबरच्या नव्या पोरांना काहीतरी सांगितलं, चपलेतला खडा काढला. लांबूनच मला हात केला. मी ओरडलो, "मामा, पळा!" त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा हात केला.

त्यानं कार्ड मशीनमध्ये घातलं. बारा तेरा. लाल.

मामानं कार्ड बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्याला वाटलं मी काहीतरी सांगेन.

मी टाइम ऑफिसचं दार ढकलून आत घुसलो. आत टाइमकीपर होता आणि खुर्चीवर चीफसाहेब चहा पीत बसले होते. मला कुणाचीच भीती वाटली नाही. मी मनगट पुढं केलं. "बारा वाजायचेत अजून. बघा. दौंड स्टेशनचा टाइम हाय हा. तुमचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढं हाय."

"तुझं खरं आणि कारखान्याचं खोटं?" टाइमकीपर म्हणाला.

"रेडिओ लावा."

तो हलेना. चीफसाहेब म्हणाले, "लावा की."

त्यानं रुमाल उचलला, बटण फिरवलं. काही नाही. खरखरसुद्धा नाही. मीच रेडिओ पालथा करून मागचं झाकण उघडलं. सेल गळून हिरवे झाले होते. त्या सीझनला सुरुवातीचे दोन-चार सोमवार त्यानं पिप्‌ पिप्‌ ऐकले असतील, पुढं रुमाल बाजूला करायचा नुसता देखावा. दर सोमवारी डोळे झाकून काटा पंचवीस मिनिटं पुढं, संपलं काम. एवढा रुबाब, एवढ्या किल्ल्या, आणि आत मेलेले सेल. मी ते टेबलावर आपटले. मला वाटलं, जिंकलो.

टाइमकीपरचा चेहरा उतरला होता, पण क्षणभरच. मग तो म्हणाला, अगदी हळू, "दर सोमवारी घड्याळ पंचवीसच मिनिटं मागं असतं. कधी चोवीस नाही, कधी सव्वीस नाही. हा स्वतःच कागदावर लिहून घेऊन आला होता माझ्याकडं. मग आज मागं नव्हतं, ते कसं? किल्ली माझ्याकडं. घड्याळाला हात कुणी लावलेला नाही."

चीफसाहेबांनी कप खाली ठेवला. ते मूर्ख नव्हते. "आठवडाभर सकाळी बगॅस जास्त लागलाय," ते म्हणाले. "पहाटेच्या पाळीला पॉवरहाउसमध्ये कोण होतं?"

कुणाला उत्तर द्यायची गरज नव्हती. ते माझ्याकडंच बघत होते. "गव्हर्नरला हात लावलास?"

एक शब्द. व्हय. तेवढा म्हटला असता तर मामाचा शिक्का रद्द झाला असता, कारण घड्याळ पुढं होतं हे तिथंच सिद्ध होत होतं. आणि माझी खुर्ची गेली असती. ओठ उघडले होते माझे, शपथेवर सांगतो. पण आवाज निघाला नाही.

आणि दारातून मामा म्हणाला, "साहेब, त्याला काय इचारताय. म्याच उशिरा आलो. जेवल्यावर डोळा लागला."

"घड्याळ पुढं होतं असं हा म्हणतोय," चीफसाहेब म्हणाले.

"पोरगं हाय साहेब. मामाची बाजू घेतंय. घड्याळ बराबर हाय. म्याच लेट."

टाइमकीपरनं पटकन मान हलवली. त्याचे मेलेले सेल त्यानं ड्रॉवरमध्ये ढकलले. चीफसाहेबांनाही तेच सोयीचं होतं, काट्याचा हुकूम त्यांचाच होता, चौकशी झाली असती तर तोही निघाला असता. तिघांचंही भागलं. मी शर्टाची बाही खाली ओढून घड्याळ झाकलं आणि पाळीवर गेलो. मामा बॉयलरवर गेला. वर मला त्याच्या फावड्याचा आवाज येत होता, आठ तास.

त्या दिवशी ऑफिसचे सगळे बाबू पंचवीस मिनिटं लवकर घरी गेले. त्यातल्या एकानंही घड्याळाबद्दल तक्रार केली नाही. संध्याकाळी पाळी सुटायच्या आत टाइमकीपरनं घड्याळ गुपचूप मागं केलं आणि दुसऱ्या दिवशी रेडिओला नवे सेल आले.

यादी लागली. मामाचं नाव नव्हतं. माझं प्रोबेशन सीझन संपता संपता पुरं झालं, मी परमनंट झालो, मला कॉलनीत क्वार्टर मिळालं. मामा क्वार्टर बघायला आला. नळ सोडून बघितला, बटण दाबून दिवा लावला, विझवला. "चांगलं हाय," म्हणाला. त्या सोमवारबद्दल तो माझ्याशी कधी एक अक्षर बोलला नाही. एकदा तरी शिवी घालायची होती. मी वाट बघितली, वर्षानुवर्षं. शेवटी शेवटी तर मला त्याचाच राग यायला लागला.

उन्हाळ्यात आम्ही दोघं शिरूरला आईकडं गेलो होतो. आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुज्या परमनंटचं काय झालं रं?" विचारलं मामाला, पण मी घास खाली ठेवला. आईला तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं.

मामा मधेच म्हणाला, "माझंच चुकलं आक्का. येळ पाळता आली न्हाई."

आई म्हणाली, "भाच्याकडनं शिक जरा."

"व्हय," मामा म्हणाला आणि कोरड्यासाची वाटी माझ्याकडं सरकवली.

तो आणखी बरीच वर्षं सीझनल राहिला, फावडं सुटलं तेव्हा पोती उचलायला लागला. घरातलं गजराचं घड्याळ मात्र तो भोंग्यालाच मिळवत राहिला.

ते कार्ड माझ्याकडं आहे. त्याच दिवशी पाळी संपल्यावर रॅकमधून काढून मी खिशात घातलं होतं. मुलीला अजून दाखवलेलं नाही, हे वाचल्यावर मागेल. बारा वाजून तेरा मिनिटं, लाल शाईत, बाजूला टाइमकीपरची सही. माझ्या मनगटावर तेव्हा अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. मामा बारा मिनिटं लवकर आला होता.